तपासणीपुरतं उघडणारं कपाट

काय सांगू तुम्हाला, मी बालाजी, हदगाव तालुक्यातला, आमच्या घरात ग्रॅज्युएट झालेला पहिला मीच. कॉलेजच्या सरांनी स्वतः फॉर्म भरून दिला, त्यांचे उपकार जन्मात फिटायचे न्हाईत. बीएस्सी झालो, पण नोकरी कुठं, मग रस्त्याच्या कडेनं फायबर केबल टाकायच्या कामावर गेलो. काचेची तार हो ती, केसासारखी, टोकावर धुळीचा कण बसला की आतून जाणारा उजेड अडतो. टोक पुसायला खास कागद येतात, पण आमच्या ठेकेदारानं ते कधी दाखवलेच न्हाईत, आम्ही बनियनच्या फडक्यानं पुसायचो, काम चालायचं, तसाच हात बसला.

पुढं नांदेडात एका संस्थेत शिकवायला लागलो, डेटा सेंटरसाठी हीच तार जोडणारे टेक्निशियन तयार करायचे. संस्थेत सगळं होतं, खोटं कशाला बोलू, ते कागद, टोक मोठं करून बघायची दुर्बीण, सगळं कपाटात कुलूपबंद. तपासणीवाले आले की उघडायचं, पोरांच्या हातात देऊन फोटो काढायचे, परत कुलूप. मी संचालकांना म्हणलं, साहेब, हे रोज लागतं. ते म्हणले, कागद संपले तर तपासणीला काय दाखवू, शिकवा की तुमच्या पद्धतीनं. शिकवलं मी माझ्या पद्धतीनं.

त्या बॅचमधी सविता होती, अर्धापूरची, बाप केळीच्या गाड्या भरायचा. लई चलाख हात. पोरं चिडवायची, काय गं, सुई ओवून राहिलीस का, ती म्हणायची, तुम्हाला आधी दोरा तर दिसू द्या. जळकोटचं स्थळ आलतं तिला. मी तिच्या घरी गेलो, बापाला म्हणलं, भाऊ, थोडं थांबा, पोरगी मुंबईत नोकरी करंल, माझा शब्द हाय. थांबला तो माणूस.

मुंबईत डेटा सेंटरात लागली ती, पहिल्याच दिवशी तिथल्या साहेबासमोर तिनं तारेचं टोक उचललं आन् ओढणीनं पुसलं. साहेबानं दुर्बिणीतून तिलाच घाण दाखवली, आन् कामावरून काढून परत पाठवली. तिचा फोन आला, रडली न्हाई, म्हणली, सर, ते कपाटातले कागद रोजच लागतात म्हणं, तुम्हाला ठाऊक होतं का? मी हाव म्हणलो. तिनं फोन ठेवला.

घरी तिनं माझं नाव काढलं न्हाई, मुंबई मानवली न्हाई म्हणली. मग जळकोटलाच दिली. लग्नात बापानं मला पुढं बसवलं, टॉवेल-टोपी केली, म्हणला, सर, तुम्ही लई केलं, आमच्या पोरीतच दम न्हाई. ती तिथंच उभी, ऐकून राहिली. आन् मी टोपी घालून जेवायला बसलो.

कपाट अजून बंदच हाय, मी अजून शिकवून राहिलोय, घर चालवायचंय. पोरगी तिथं सुखात राहो. तुम्ही हे लिहून राहिलात तर तिचं नाव तेवढं बदला, माझं राहू द्या, तिच्या बापाच्या हाती पडलं तर पडू द्या. तोंडानं सांगायचं माझ्यानं होईना.