लाईट गेली की रेल्वे

लाईट गेली की तुम्ही लोक वैतागता. आम्ही मात्र तिच्या जाण्याची वाट बघायचो.

नारपोलीच्या मागे, खाडीच्या धक्क्यापासून वर येणारी ट्रॉलीची जुनी लाईन होती. ब्रिटिशांच्या वेळची, माणसांनी ढकलायची. आम्ही चार पॉवरलूम कामगारांनी हौसेने चिखलातून तिचे रूळ मोकळे केले, ट्रॉलीही दुरुस्त केली. पण लूम चालू असताना सुट्टी कोण देणार? म्हणून दुपारी लाईट गेली की आम्ही लाईनवर पळायचो. आमचे शेठ हसनभाई डोक्याला हात लावायचे. "इकडे धंदा बंद, आणि तुम्ही भंगार पुसायला चालले?"

एकदा हे रूळ ठेवायचे की भंगारात काढायचे, ते ठरवायला मुंबईहून सरकारी साहेब आले. आम्ही त्यांना ट्रॉलीत बसवून चढावर ढकलत होतो. अर्ध्यावर पोचलो आणि नारपोलीतले लूम खडखडायला लागले. लाईट आली होती. लाईट आली की लूमकडे पळायच्या सवयीने आमच्यातल्या दोघांनी हात सोडले, आणि ट्रॉली साहेबांसकट खाडीकडे घसरू लागली.

आम्हाला ड्युटीवर न्यायला शेठ खालच्या वाटेने धावत येतच होते. त्यांनी मागून ट्रॉलीला खांदा लावला.

"लाईट गई भाड में. पहले धक्का मारो."

वर पोचलो तेव्हा त्यांचा पांढरा झब्बा ग्रीसने काळा झाला होता. साहेब घाम पुसत म्हणाले, "राहू द्या हे रूळ."

शेठ तिथून हलेनात. ट्रॉलीवर हात फिरवत त्यांनी हळूच विचारलं, "अब लाईट कब जाएगी रे?"