रिव्हालां चौकाची फीत कापण्यापूर्वी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, माननीय जिल्हाधिकारी मादाम. तिरंगी पट्टे बांधून आलेले शेजारगावचे नगराध्यक्ष. सत्कारमूर्ती, माजी आरोग्यमंत्री डॉक्टर तांगी रिव्हालां. आणि सफरचंदाच्या दारूकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या प्लुगोरांकर बंधुभगिनींनो,

नगराध्यक्ष या नात्याने निरोपाचे शब्द मी बोलायचे आहेत. थोडक्यात आटोपते, असं म्हणणार नाही. डॉक्टरांच्या दाराशी आम्ही जन्मभर ताटकळलो. आज घटकाभर त्यांनी बसावं.

त्यांची कारकीर्द सुरू कुठे झाली? पॅरिसला? छे! आमच्या स्वयंपाकघरांत. घरोघर येत, नाडी बघत, घरची दारू घोटभर घेत. निवडणूक आली की मनगट न सोडताच विचारत, "मग मादाम, यंदा मत कुणाला?" हात त्यांच्या मुठीत असताना नाही म्हणायची कुणाची टाप होती? माझे सासरे पक्के विरोधी पक्षाचे. तेही म्हणाले, "सूनबाई, सुई ज्याच्या हातात, मत त्यालाच!" हसा, हसा. डॉक्टरही हसताहेत.

माझी सोलेन त्यांच्याच हातांवर जन्मली, आपल्या इथल्या प्रसूतिगृहात. पायाळू पोर. डॉक्टरांनी घामाघूम होऊन आम्हा दोघींना सोडवलं. ते उपकार मी विसरलेले नाही. विसरता आले असते तर आजचं भाषण सोपं गेलं असतं.

पुढे ते खासदारकीला उभे राहिले. त्याच प्रसूतिगृहाच्या पायरीवरून, गळ्यात स्टेथोस्कोप घालून गरजले, "हे दार बंद करायचं तर आधी माझ्या अंगावरून जावं लागेल!" काय टाळ्या पिटल्या आम्ही! मग ते मंत्री झाले. गावात बाळंतपणं कमी, खर्च परवडत नाही, असं ठरलं; आणि दार बंद करायच्या हुकुमावर सही कुणाची? अंगावरून जायची वेळ कुणावर आलीच नाही. डॉक्टर आपण होऊन बाजूला सरले.

सोलेनला कळा सुरू झाल्या तेव्हा सगळ्यांत जवळचं इस्पितळ तासाभराच्या वाटेवर होतं. जावई माएल गाडी चालवत होता. गाव संपतं तिथल्या गोल चौकातच गाडी थांबवावी लागली. मुलगी झाली. तीही पायाळू, आईसारखी. पण माएल सुतार आहे हो, डॉक्टर नाही. माझी नात रडलीच नाही.

मंत्री झाल्यावरही डॉक्टर दर शनिवारी गावात लोकांना भेटत; त्याच शनिवारी मी त्यांच्याकडे गेले. ते उठूनसुद्धा उभे राहिले नाहीत. म्हणाले, "मादाम, फार वाईट झालं. पण भूगोलापुढे मी तरी काय करणार?"

त्या दिवशी मी ठरवलं. नगराध्यक्षपदाच्या पुढच्या निवडणुकीत त्यांच्या माणसाविरुद्ध उभी राहिले. त्यांच्याच पद्धतीने घरोघर गेले. मला नाडी बघता येत नाही, म्हणून नुसते हात धरले. कुणीही सोडवून घेतला नाही.

निवृत्त होणाऱ्या मोठ्या माणसाचं नाव गावात कशाला तरी द्यायचं, ही आपली रीत. डॉक्टरांना वाटलं होतं, नवी व्यायामशाळा मिळेल. पण नातीची नोंद करताना आपल्या कारकुनाने विचारलं होतं, "मादाम, जागेचं नाव काय लिहू?" त्या चौकाला नावच नव्हतं. आता आहे. नगरसभेने एकमताने दिलं आहे. डॉक्टर, आता कसे हसायचे थांबलात? तुमच्या भूगोलातच तुम्हाला जागा दिली की!

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि बटरचे केक भाजून आणणाऱ्या भगिनींचे आभार. बोलण्यात कुठे कडवटपणा आला असेल तर तो तुम्ही पोटात घालावा. माझ्या पोटात आता जागा उरलेली नाही.

उठा, डॉक्टर. गाडी दारात उभी आहे. फितीची कात्री सोलेनच्या हातात आहे आणि ती चौकात तुमची वाट बघते आहे. या वेळी तरी वेळेवर पोहोचा.