एका किडनीवर अडलेलं लगीन

तीनदा चिठ्ठी पाठवली तवा कुठं माईक हातात आला. म्हणं, “नीलम्मा, तुम्ही जेवणाचं बघा.” बघितलं. पंगत उठली. आता माझं ऐका.

अध्यक्ष आण्णासाहेब, व्यासपीठावरची मोठी माणसं, आज निवृत्त होणारे आपले पंचाक्षरी सर, आणि सतरंजीवर बसलेल्या आयाबाया, लेकरं, समद्यांना माझा नमस्कार.

मी चौथी शिकलेली. पण अठरा वर्षं या शाळेत खिचडी शिजवते, अन् भिंतीपलीकडं सरांचा विज्ञानाचा तास. किडनीचा धडा मला तोंडपाठ हाय. दोन किडन्या, मुठीएवढ्या, पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगाला. उजवी जराशी खाली. एकेकीत दहा-दहा लाख चाळण्या. रगत गाळायचं, कामाचं ठेवायचं, घाण लघवीवाटं भाईर. बाळ पोटात असताना त्या पहिल्यांदा कमरेखाली तयार होतात, मग वर सरकतात. चुकलं का काही, सर?

एकदा मिनाज नावाच्या पोरीनं विचारलं, “सर, एकच असली तर?”

सर म्हणाले, “अगं, मग ती एकटीच मोठी होते, दोघींचं काम ओढते. कित्येकांना जन्मभर कळतसुद्धा नाही.”

लई बरं वाटलं होतं ऐकून.

माझी लेक सृष्टी अन् सरांचा पोरगा योगीराज, चैत्रात त्यांच्या लग्नाची सुपारी फुटली. पुढं पोट दुखलं म्हणून सृष्टीची सोनोग्राफी केली. दुखणं साधंच निघालं, पण जल्मापासून किडनी एकच हाय म्हणून कळलं. ती माझ्या पोटात असतानाच दुसरी वाढली न्हाय. लपवलं का म्या? दुसऱ्याच दिवशी सरांच्या घरी कागद नेला. डॉक्टरनं त्यात लिहिलंय, नेमानं तपासणी करा, लगीन, लेकरंबाळं, समदं हुईल. योगीराज आजबी तयार हाय.

अन् सर काय म्हणाले? “पुस्तकातलं वेगळं, घरातलं वेगळं, नीलम्मा. बघू.”

दोन महिने झाले, बघतायत! आण्णासाहेब, खुणा करू नका, सृष्टीला इचारूनच बोलाय उभी राहिले. घरात चालत न्हाय ते आमच्या लेकरांना का शिकवलं, सर? त्यास्नी मार्क कशाचे दिले?

तुम्ही चांगलं शिकवलं, ते खोटं न्हाय. तब्येत ठणठणीत राहू द्या. बोलू दिलं, उपकार झाले. बोलणं जड गेलं असंल तर लेकीची आई म्हणून पोटात घाला.

पण सोमवारी दिवस मावळायच्या आत आमच्या दारात या. मधी माणूस घालू नका. व्हय का न्हाय, ते सृष्टीच्या तोंडावर सांगा.