साहेबाचं सॉरी

भंडाऱ्याच्या स्टँडवर वरठीच्या बसची वाट पाहत बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक माणूस आणि त्याची कॉलेजात जाणारी मुलगी. त्याचा उजवा हात मनगटापासून नव्हता; पट्टी अजून नवी होती.

"बाबा, कंपनीचे साहेब दवाखान्यात आले तवा काय म्हणले?"

"सॉरी म्हणले. त्याचा मतलब काय होते, रत्ना?"

"मॅडमनं सांगतलं होतं. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ दुखणं. ज्याले दुखते, तो सॉरी."

"त्यायले कायले दुखते? मशीनमंधी हात त माया गेला."

"आता नुसतं म्हणाचं म्हणून वापरतेत."

"असं."

"मंग तुमी काय म्हणले?"

"काही हरकत नाही जी, म्हणलो. हात जोडाले गेलो, त एकच वर आला."