भुऱ्याचे झिंगे आन् सुतळी बम

आता पुन्हा सांगू? कायले? टपरीवर साऱ्यायनं आयकलं, हसून हसून लोळले, तरी म्हनतेत, 'कवडूभाऊ, पहिल्यापासून होऊ द्या!' माह्या कुत्र्याचा खेळ लावला का बाप्पा? बरं, आयका... पन सांगून ठेवतो, मले तवाच शंका आली होती!

आमचा भुऱ्या, दिसाले वाघ, पन फटाका फुटला का सीधा बाजेखाली! मागच्या मंडईत, म्हनजे आमच्या दिवाळीनंतरच्या जत्रेत, सुतळी बम फुटला आन् हा जो पळाला तो हायवेवर, ट्रकायच्या मधातून! धाब्यामागं सापडला, थरथर कापत... माहा जीव जाग्यावर नव्हता, आन् शेजारचा बकाराम भर मंडईत काय म्हने? 'कुत्रा भेकड हाय जी, मालकावर गेला!' मी? मी भेकड?

मंग नागपूरवरून आली आमची नात, आचल. 'आबाजी, त्याले ओढू नका, वरडू नका, लपला तं लपू द्या. मी शिकवते.' आन् मोबाइलवर लावते काय? तं फटाके! अगदी बारीक आवाजात... फुट्... फुट्... आन् फुटला का लगेच कुत्र्याच्या तोंडात सुकलेला झिंगा! माहे झिंगे! वांग्यात टाकाले मी बाजारातून आनलेले! दुसऱ्या रोजी आवाज जरासा मोठा, पुन्हा झिंगा. भुऱ्या दचकला का आवाज कमी, तरी झिंगा! मले तवाच शंका आली... हा भेते का नाटक करते? मी डबाच लपवला. तं पोट्टी हळूच म्हनते, 'आबाजी, मंडईत पुन्हा हायवेवर गेला तं?'

...देल्ला डबा. काय करता?

आली मंडई. भुऱ्याची दोरी माह्या हातात. मंचावर दंडार, आमचं नाचगान्याचं नाटक, रंगात आलेली, आन् ह्या बकारामनं मुद्दाम, माह्याकडं पाहून, बम पेटवला. धडाम्! दोरीले असा हिसका बसला का सुटलीच! गेला म्हनलं, गेला ट्रकाखाली... मी डोळेच मिटले. उघडून पाहतो तं काय? कुत्रा हायवेकडं नाहीच! शेपूट हालवत बकारामकडं धावून राहिला! भुऱ्याचं आपलं, 'बम तं झाला, माहा झिंगा कुठं हाय?' खिसे हुंगाले गेला बिचारा, आन् हा बकाराम चप्पल सोडून, धोतर सावरत, थेट दंडारीच्या मंचावर, राजाच्या मागं! 'वाचवा जी कवडूभाऊ, कुत्रा पिसाळला!' सारी मंडई खिदळून राहिली. आचल तं हसता हसता खालीच बसली.

सरलं? कुठचं सरते! आता धानातले डुकरं हाकलाले बकाराम रोज संध्याकाळी फटाके फोडते, आन् भेवानं खिशात झिंगे ठेवते! आवाज झाला का भुऱ्या तिकडं. खाऊन-पिऊन तिकडंच लोळते. मी एकटा बाजेवर. मले तवाच शंका आली होती, पोट्टी कुत्र्याचं भेव काढून मलेच एकटं पाडन!

बकाराम आता कुत्र्याले म्हनते, 'या भुऱ्याजी, बसा.' भुऱ्याजी! आन् मले? भेकड कोन ते साऱ्या गावानं पाह्यलं ना? मंग 'चुकलो जी' म्हनाले तोंड दुखते काय त्याचं? कुत्र्यानं माफ केलं असन, झिंग्यासाठी. मी नाही केलं. मी अजून वाट पाहून राहिलो...

कोनाची का? कुत्र्याची नाही जी, त्या बकारामची!