उजव्या कुशीवर

तपासणीचे रिपोर्ट मिळतात त्या खिडकीपाशी रांग होती. माझ्या पुढे एक वयस्क बाई, तिच्या पुढे कापडी पिशवी छातीशी धरलेली तरुणी.

“पिशवीत काय आहे गं, एवढं जपून धरलंयस?”

“बुद्धाची मूर्ती आहे, मावशी. झोपलेली. बाबांना झोप लागत नाही, म्हणून उशाशी ठेवणार आहे.”

“बघू. उजव्या कुशीवर, हात डोक्याखाली, पावलावर पाऊल. अगं, ही झोप नव्हे. हे महापरिनिर्वाण.”

“म्हणजे?”

“देह ठेवतानाची मूर्ती. आनंद नावाचा शिष्य रडत होता, तर त्यालाच समजावलं, शोक करू नकोस म्हणून. आमच्या विहारात आहे अशी. अशुभ नाही हो, शांतीचीच खूण ती. दुकानदार काही बोलला नाही?”

“मी ध्यानाला बसलेली घेणार होते. बाबाच फोनवर म्हणाले, आडवी असेल ती आण.”

“त्यांना अर्थ ठाऊक असेल?”

“चाळीस वर्षं इतिहास शिकवलाय त्यांनी.”

“आणि आजाराचं?”

“ते नाही सांगितलेलं. दादा म्हणाला, इतक्यात नको. पित्ताचा त्रास आहे, असंच सांगतो आम्ही.”

“बरं. चल, तुझा नंबर आला.”

“तुम्ही व्हा पुढे, मावशी. मला एक फोन करायचाय.”

ती भिंतीकडे वळली.

“दादा, तू आजच निघ. नाही रे, रिपोर्ट अजून घेतलाच नाही.”