तोताराम आबांनी बॅटरी पिकायला घातली

...आणि वर म्हणतात, नशीबच खोटं! नशिबाचा काय संबंध, मी म्हणतो? तुम्हाला सांगतो, यावलच्या आमच्या तोताराम आबांच्या हातात केळीचा घड द्या, सोनं करून देतील; पण म्हणून बॅटरीसुद्धा...? अहो, केळी वेगळी, बॅटरी वेगळी!

झालं काय, आबांची कुंदा दिली बोदवडला. लग्नानंतरची पहिली अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आता आपल्याकडे अखाजीला लेक माहेरी आली नाही तर झोक्यावर बसायचं कोणी, आणि सांजोऱ्या घशाखाली उतरायच्या कशा? त्यात आबांनी विहीणबाईंना, म्हणजे वच्छलाबाईंना, भर मांडवात सांगून ठेवलेलं, "पोरीले न्यायले येईन तं माझ्या जीपनं!" बोलून बसले. आणि जीप? जीप दिवाळीपासून गोठ्यात, तिच्यावर कोंबड्या झोपतात! चावी फिरवली तर नुसतं टक्... तेही इतकं बारीक, की एक कोंबडी हलली नाही.

बॅटरी गेली मगनच्या गॅरेजवर. मगन मूळचा धुळ्याचा, तोंडात कायम पान. टोपणं उघडून बघतो तर आत पाण्याचा टिपूस नाही, प्लेटांवर पांढरी खपली! "आबा, हाई तं बठ्ठी सुकी गई! बॅटरीनं पानी टाका, ॲसिड नको. चार्जर ली जा, पन हयू हयू चार्ज करा. टोपनं उघडी ठेवा, हवा लागू द्या, आन इस्तो जवय..."

विस्तव जवळ नको, हे पुढचं ऐकतो कोण? 'हयू हयू' म्हटल्याबरोबर आबांचे डोळे चमकले. हळूहळू... बंद खोलीत... उबेला... अरे, हे तर आपलंच काम!

घरी येऊन केळी पिकवायच्या खोलीत बॅटरी ठेवली. पाणी घातलं, तेवढं एक बरोबर केलं. चार्जर लावला. मग टोपणं गच्च आवळली, वर गोणपाट पांघरलं, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या आणि कोपऱ्यात खापर ठेवून गोवरीची धुरी! आबांच्या मंडळी धुरपदाबाई कपाळाला हात लावून म्हणतात, "मांय वं! तिले काय बाळंतीण समजू राह्यले का?"

"तू गप बैस. मालाले ऊब लागते."

मालाले! अहो, केळी वेगळी, बॅटरी वेगळी! चार्ज होताना बॅटरी गॅस सोडते, तो साठला आणि विस्तवाला टेकला की...

टेकला.

दार अंगणात, कोंबड्या निंबावर आणि आबा न्हाणीत साबण लावलेले, म्हणून वाचले! आत बघतात तर बॅटरीच्या ठिकऱ्या, आणि खुंटीवर कुंदासाठी आणलेलं नवं पातळ... ॲसिडनं त्याची चाळणी.

बरं, तरी काय बिघडलं होतं? तसेच स्टँडवर गेले असते, तर लेक अखाजीला घरात असती. पण नाही! "शब्द देल्ला हाये म्या!" फैजपूर झालं, सावदा झालं, दिसेल त्या ट्रॅक्टरवाल्यापुढे हात जोडत हिंडले. ऐन सणाला बॅटरी काढून कोण देतो हो? आणि तिकडे कुंदा पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेली, प्रत्येक हॉर्नला उठून उभी राहायची, परत बसायची... इकडे निंबाला झोका रिकामा. अखाजी सरली. आता ती परत भरता येते का, सांगा! सण वेगळा, बॅटरी वेगळी.

सण उलटल्यावर आबा बोदवडला पोचले, खाली मान घालून. वच्छलाबाई ओट्यावरच. "या व्याहीबुवा! जीप नाही दिसत?"

तेवढ्यात कुंदा आतून आली. डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत: "गल्लीत मावत नाही ना, आत्याबाई. स्टँडजवळ लावली असंन. हो ना, आबा?"

बापाची लाज पदराखाली घेतली हो पोरीनं! आबा 'हो' म्हणणार, तोच वच्छलाबाईंनी चपला पायात सरकवल्या. "बरं झालं वं माय! चला, मलेबी भुसावळले बहिणीकडे सोडा!"

आबा कुंदाकडे बघतात, कुंदा जमिनीकडे. शेवटी आबांनी पोरीची पिशवी उचलली न् म्हणाले,

"चला विहीणबाई. फक्त आमची जीप जराशी लांबडी हाये, रंगानं लाल हाये... आन तिकीट काढल्याबिगर कंडक्टर बसू देत नाही."